रिकामी ट्यूब

२०२४ साल, मी चौऱ्याहत्तरचा, आणि थोबाड उकडलेल्या कुर्लीसारखं लाल.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत एकाला लागू पडलेलं औषध सगळ्या मजल्याला लागू पडतं. दाढीनंतर गालाला खाज सुटायची, तर शेजाऱ्याने त्याची ट्यूब दिली. दोन दिवसांत गाल साफ. संपली की रिकामी ट्यूब केमिस्टच्या काचेवर ठेवायची, तो तसलीच नवी देतो. इंग्रजी नाव वाचायला येतंय कोणाला? वर्षभर असं चाललं. मग एक दिवस जरी लावली नाही, तरी गाल पेटायला लागला. गॅलरीत सकाळच्या उन्हात बसवेना.

त्यात रविवारी दादरला नातीचा साखरपुडा. ट्यूब नेमकी संपलेली. नवी आणायला निघालो, तर बायकोने इस्पितळात नेलं.

कातडीची डॉक्टरीण नातीच्याच वयाची. रिकामी ट्यूब बघून तिने कपाळाला हात लावला.

"आजोबा, हे स्टिरॉइड आहे. कातडीत स्वतःची एन्झाइम असतात. ऊन, धूर यांनी होणारं नुकसान ती आवरतात. हे मलम खाज दाबतं, पण फार दिवस चोळलं की ती एन्झाइमही मंदावतात. वर कातडी पातळ होते ती वेगळीच."

"म्हणजे कामगार घरी बसवले," मी म्हटलं. "गिरणीत होतो मी, ते मला शिकवू नका. रविवारपर्यंत चेहरा नीट करा."

"ट्यूब आजपासून बंद. आधी वाढेल, मग हळूहळू बसेल."

"आणि रविवारी?"

"रविवारी लालच असणार."

घ्या. एवढं ऐकायला सकाळपासून रांगेत उभा होतो.

घरी येऊन नातीला सांगितलं, मी येत नाही.

"आजोबा, ओटी भरताना तुम्ही समोर हवेत," ती म्हणाली. "तोंड कसलंही आणा."

बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तेंका सांगान काय उपेग? उद्या परत केमिस्टाकडे जातले."

झोंबलं मला. कारण जाणारच होतो. रिकामी ट्यूब खिशातच होती. ती नसेल तर दुकानात काय मागणार? नाव मला येत नाही, आणि ज्याच्या ट्यूबने ही गत झाली त्या शेजाऱ्याला विचारायला मी मेलो तरी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतलं, गाल भाजत असतानाच खाली गेलो आणि ट्यूब कचऱ्याच्या गाडीत टाकली.