व्हिलन शाळेत आला तो दिवस

मी भिवंडीतल्या वळ गावाजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते. शाळेच्या चारी बाजूंना गोदामं आहेत. प्रार्थनेच्या वेळी एखादा कंटेनर मागे येत असला, तर त्याचा टूंटूं आवाजही आमच्या सुरात मिसळतो. त्यातल्याच एका गोदामात एका कुस्ती कंपनीचा माल असतो, म्हणजे टी-शर्ट, खेळणी, पोस्टरं. कुस्ती म्हणजे मातीतली नव्हे, टीव्हीवरची. रोषणाईत रिंग, चमचमत्या पोशाखातले पहिलवान, त्यात एक हिरो, एक व्हिलन, आणि दर आठवड्याला नवं भांडण.

या कंपनीला गोदामाच्या आसपासच्या वस्तीसाठी काहीतरी करायचं होतं. त्यांच्या समाजकार्याचं काम बघणारी एक मुलगी मुंबईहून आली आणि तिने मला विचारलं, "मॅडम, शाळेला काय हवंय?"

आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ चांगला होता, पण दगडगोट्यांच्या मैदानावर खेळून त्यांचे गुडघे कायम सोललेले असायचे. मी म्हटलं, "मॅट द्या. आणि बूट." तिने लगेच होकार दिला. वर म्हणाली, "आणि आमचा हिरो स्वतः येईल मुलांना भेटायला."

ही बातमी मी टेमघरला घरी सांगितली आणि फसले. माझ्या सासूबाई त्या शोच्या पक्क्या भक्त. हिरो रिंगमध्ये आला की त्या टीव्हीला हात जोडतात आणि व्हिलन आला की त्याचा उद्धार करतात. डोळ्यांभोवती काळा रंग फासलेला तो धिप्पाड माणूस पाठीमागून वार करायचा, याचा त्यांना भयंकर राग.

"मी पन येनार," त्या म्हणाल्या.

"आई, शाळेतला कार्यक्रम आहे."

"मंग? मी काय कुनाला चावते का?"

कार्यक्रमाच्या सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून, हिरोसाठी हार घेऊन सासूबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या. तेवढ्यात कंपनीची ती मुलगी माझ्याकडे धावत आली. तिचा चेहरा उतरलेला. "मॅडम, हिरोचा गुडघा दुखावलाय. तो येऊ शकत नाही. आम्ही दुसऱ्या पहिलवानाला आणलंय."

गाडीचं दार उघडलं आणि काळे डोळे फासलेला व्हिलन खाली उतरला.

बालवाडीची मुलं बाईंच्या मागे लपली. मोठ्या मुलांनी "हूऽऽ" करून मैदान डोक्यावर घेतलं. तो मात्र खूश दिसत होता. दंड फुगवून, दात ओठ खाऊन त्याने सगळीकडे बघितलं, तसा गोंगाट आणखी वाढला. मी सासूबाईंना शोधायला वळले, तर खुर्ची रिकामी. त्या हार हातात घट्ट धरून थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या होत्या.

"क्यूं रे," त्यांनी आमच्या भिवंडीच्या हिंदीत तोफ डागली, "तू पीछेसे कायको मारता? सामनेसे मारनेको शरम आती क्या?"

कंपनीच्या मुलीने डोळे मिटून घेतले.

त्या माणसाने फुगवलेले दंड खाली सोडले. वाकून सासूबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "आज्जी, मराठीत बोला की. मी सांगोल्याकडचा हाय."

सासूबाई बघतच राहिल्या. "आँ? तू आपला हायस? मंग असा रं कसा वागतोस?"

"काय करू? कुणीतरी वाईट वागल्याबिगर हिरोला कोण टाळ्या देणार? ते काम माझ्या वाट्याला आलंय."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि हिरोसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात घातला. तो इतका उंच, की त्याला पुन्हा वाकावं लागलं. मग मुलांनी जी ओरड केली, ती "हूऽऽ" नव्हती.

बूट वाटून झाले. फोटो झाले. एवढ्यात आमच्या संघाची कप्तान, नववीतली काटकुळी पोरगी, पुढे झाली. "सर, आमच्याशी कबड्डी खेळाल?"

"मी? तुमच्याशी?" तो हसला. "चला."

मैदानावर फक्कीने रेघा मारल्या. तो "कबड्डी, कबड्डी" करत आत शिरला तेव्हा जमीन हादरल्यासारखी वाटली. कप्तानने झेप घेऊन त्याचा घोटा धरला, बाकीच्या मुली अंगावर पडल्या आणि तो धाडकन आडवा झाला. मुलं नाचायला लागली. उठून, अंग झटकत तो म्हणाला, "आता खरं खेळतो हां." दुसऱ्यांदा त्याने मुलींना फरफटत मधल्या रेषेपर्यंत नेलं. हात रेषेला टेकणार, इतक्यात त्याचा दम तुटला. आऊट!

दुपारी सासूबाई त्याला घरी घेऊन आल्या. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण त्याच्या पानात वाढत राहिल्या. मी हळूच विचारलं, "तुम्ही मुद्दाम हरलात ना?"

त्याने पायजमा थोडा वर करून लालबुंद झालेला घोटा दाखवला. "पयल्यांदा मुद्दाम. दुसऱ्यांदा न्हाई बरं का, बाई. तुमची ती पोरगी मगरीसारखी धरती."

खरा पेच संध्याकाळी उभा राहिला. शाळेत मॅटचा टेम्पो आला. लाल-निळ्या जाड मॅट बघून मुली त्यांना गालच लावत होत्या. पण अंथरायच्या कुठे? मैदानात दगडगोटे आणि ऊन-पाऊस, आणि सगळ्या खोल्यांत वर्ग. कंपनीची मुलगी बिचारी रडवेली झाली. "मी आधी जागेचं विचारायला हवं होतं." खरं तर ते मलाही सुचलं नव्हतं.

शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणतात, कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता त्याच जमिनीवर गोदामं आहेत. ते म्हणाले, "माझ्या गोदामातला एक गाला रिकामा हाय. भाडोत्री येईस्तोवर पोरींना खेळू द्या. नायतरी तिथं उंदीरच खेळतात."

त्याच रविवारी आम्ही तो गाला झाडून मॅट अंथरल्या. वर उंच पत्रा, खाली पाय रुतेल इतकी मऊ जमीन. पडल्यावर लागत नाही, हे मुलींना खरंच वाटेना. पहिला तासभर त्या नुसत्या पडूनच बघत होत्या.

पुढे भाडोत्री आला. आता संपलं, असं मी धरून चालले होते. पण काकांनी त्याला आधीच अट घातली होती : पुढचा भाग रविवारी सकाळी मोकळा ठेवायचा. गोदामाचा मॅनेजर पहिल्यांदा कुरकुरला. आता तोच पंच म्हणून शिट्टी वाजवतो.

सांगोल्याचा पहिलवान दोनदा येऊन गेला. सोबत कॅमेरा नाही, डोळ्यांना रंग नाही. मुलींकडून बैठका काढून घेतल्या, दम कसा टिकवायचा ते शिकवलं. कंपनीची ती मुलगीही सुट्टीच्या दिवशी येते आणि सरळ बूट घालून खेळायलाच उतरते.

गेल्या महिन्यात वडपे गावचा संघ आमच्याशी खेळायला आला. आम्ही थोडक्यात हरलो, पण मुलींच्या आया बघायला आल्या होत्या. सामना संपल्यावर कप्तानची आई पदर खोचून म्हणाली, "आम्ही पन शाळेत खेळायचो की." बघता बघता दोन्ही गावच्या बाया मॅटवर उतरल्या. कुणी साडीत, कुणी ड्रेसवर ओढणी बांधून. "कबड्डी" म्हणताना हसू फुटायचं आणि दम तिथेच तुटायचा. मुली बाहेरून ओरडत होत्या, "आई, पाय धर! पाय!" मॅनेजर शिट्टी फुंकून थकला, पण कुणी थांबायला तयार नव्हतं.