यादीबाहेरची चिनारा

काराकोलच्या छापखान्यात मी मशीन चालवायचो, तेव्हा फायली पाठवायचा एफटीपी सर्व्हर चिनारा सांभाळायची. वर्तमानपत्राची पानं ती त्यावरून माझ्या फोल्डरमध्ये टाकायची.

कुणीही कुणाचंही फोल्डर उघडायचं, म्हणून साहेबांनी सगळ्यांना आपापल्या फोल्डरमध्ये कोंडायला सांगितलं. चिनाराने तशी आज्ञा लिहिली. खाली, ज्यांना कोंडायचं त्यांची म्हणून, वयाच्या क्रमाने सव्वीस नावांची यादी जोडली. थोरांच्या यादीत स्वतःचं नाव घालायला ती लाजली.

शेवटचं पान राहिलं होतं. गावांकडे अंक नेणारी बस चारला सुटायची.

"बाइके, मी अडकले!" थोरल्या भावाला मारावी तशी मला हाक मारत चिनारा ओरडली. "तुमचं फोल्डर दिसतच नाही."

"मला तर साहेबांचं लग्नातलं भाषणही दिसतंय," आम्हा सगळ्यांची थोरली ताई, टंकलेखिका जुमागुल एजे हसली. "चांगलं लांबलचक आहे!"

चिनाराने आपली आज्ञा पुन्हा वाचली. सगळ्यांना कोंडल्यावर यादीत नाव असेल त्यालाच मोकळीक मिळते, हे तिला तेव्हा कळलं. सव्वीसजण मोकळे, कोंडलेली एकटी ती.

सर्व्हरच्या खोलीत जाऊन तिने सव्वीस नावं पुसली आणि स्वतःचं एकच लिहिलं. साडेतीनला पान आलं. मी मशीन सुरू केलं.

पलीकडून जुमागुल एजे ओरडली, "अगं, भाषण अर्धंच राहिलं!"