कॅम्प चारचा भविष्यकाळ

इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. वहीत लिहून ठेवावे लागत नाहीत. गंमत म्हणजे माझ्याकडचे जवळजवळ सगळे किस्से भविष्यकाळाचे आहेत. भूतकाळात माणूस फार तर चुकतो, तुम्ही सुधारता, विषय संपतो. पण उद्याबद्दल बोलायला सांगा, तो मनातलं सगळं फळ्यावर मांडून मोकळा होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या आमच्या विहाराच्या बाजूच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास सुरू केला. दर रविवारी, सकाळी आठ ते दहा. आठवडाभर मी अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायचे आणि रविवारी मोठ्या माणसांना. पहिल्याच महिन्यात खोली भरली. अंबरनाथचे कारखान्यातले कामगार, बदलापूरच्या बायका, बाजारातले दुकानदार. विल केव्हा, गोइंग टू केव्हा, यावरून ही माणसं अशी हिरिरीने भांडायची की शेजारच्या शिलाई कारखान्यातले लोक मशीन थांबवून खिडकीत यायचे.

* * *

पहिल्या बाकावर दयालभाई. पडद्याच्या कापडाचं दुकान, वय पंचेचाळीस, मराठी-सिंधी-हिंदी एकाच वाक्यात. त्यांचा शब्द बाजारात चालायचा, आणि तो जपून कसा वापरायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी शिकवलं की विल म्हणजे आपण समोरच्याला वचन देतो, आणि गोइंग टू म्हणजे आपल्या मनात तसं आहे. दयालभाईंनी त्या दिवसापासून विल बंदच केला. मी माझ्या घरचे पडदे त्यांच्याकडे शिवायला टाकले होते. विचारलं, कधी मिळतील?

"आय ॲम गोइंग टू गिव्ह ऑन सॅटरडे."

"दयालभाई, विल म्हणा ना."

"नाही मॅडम. विल म्हणजे जबान. गोइंग टू म्हणजे इरादा. मी तुम्हाला इरादा दिला."

त्यांची मुलगी कविता बारावी झाली होती आणि मधूनमधून क्लासला यायची. तिला पुण्याला इंजिनियरिंगला जायचं होतं. घरात महिनाभर तोच विषय चालला होता. एका रविवारी मी सगळ्यांना एकमेकांना प्रश्न विचारायला सांगितलं. कविता उभी राहिली आणि भर क्लासमध्ये वडिलांना म्हणाली, "पापा, विल यू लेट मी गो टू पुणे?"

दयालभाईंनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"आय ॲम गोइंग टू थिंक," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते डाळ-पकवानचा मोठा डबा घेऊन आले. बसायच्या आधी, दारातच उभं राहून, मुलीकडे न बघता माझ्याकडे बघत त्यांनी सांगितलं, "मॅडम, मागच्या वेळचं उत्तर राहिलं होतं. आय विल."

* * *

माझे बाबा सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून म्हणून निवृत्त झाले. आमच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. माझा क्लास कसा चालतो ते बघायला एकदा आले आणि मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर 'आय विल' लिहिलं तसा त्यांचा हात वर.

"आयच्या पुढे शॅल येतो."

मी म्हटलं, "बाबा, आता शॅल फारसा कोणी वापरत नाही. नव्या पुस्तकातून जवळजवळ गेलाच."

"गेला? कोणी काढला? मला विचारलं का?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, शर्ट नीट केला.

"साहेबांनी एकदा इंग्रजीत एक काम सांगितलं. शिपायाला कळणार नाही असं धरूनच सांगितलं होतं, शेजारच्या माणसाला. मी म्हटलं, आय शॅल डू इट, सर. साहेब खुर्चीत सरळ बसले. त्या दिवसापासून मला अहो-जाहो. विल म्हटलं असतं तर साहेब सरळ बसले नसते."

मी विल पुसला आणि तिथे शॅल लिहिला. मग अंबरनाथच्या वसंतराव कांबळ्यांनी घाबरत विचारलं, "काका, पण परीक्षेत काय लिहायचं?"

बाबा म्हणाले, "परीक्षेत विल लिहा. साहेबासमोर शॅल म्हणा."

* * *

हे वसंतराव कांबळे एका केमिकल कंपनीत फिटर. हात सोन्याचा, पण शिफ्ट बदलताना जे रजिस्टर लिहायचं ते इंग्रजीत, म्हणून सुपरवायझरची जागा दोनदा हातची गेलेली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते क्लासला आले. डबल रेघांची वही आणली होती.

मी शिकवलं होतं की विल लीक म्हणजे लीक होईल असं मला वाटतं. इज गोइंग टू लीक म्हणजे लक्षणं समोर दिसतायत. वसंतरावांनी ते वहीत लिहून चौकट केली.

त्याच आठवड्यात त्यांना ॲसिडच्या लाइनवर सात नंबरच्या व्हॉल्व्हचा रंग फुगलेला दिसला. फडकं लावलं तर किंचित ओल. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये इंग्रजीत ओळ लिहिली: व्हॉल्व्ह नंबर सेव्हन इज गोइंग टू लीक.

इंजिनियर साहेब तरुण होते, मद्रासकडचे, इंग्रजीचे पक्के. त्यांनी बोलावून घेतलं. "कांबळे, ये क्या लिखा है? एव्हरीथिंग विल लीक सम डे."

"सर, विल लीक म्हणजे अंदाज. मी गोइंग टू लिहिलंय. आय हॅव एव्हिडन्स."

साहेबांनी हेल्मेट घातलं आणि सोबत निघाले. लाइन बंद केली, व्हॉल्व्ह उतरवला. आतून तो इतका खाल्ला गेला होता की वसंतरावांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. त्या व्हॉल्व्हच्या खाली रोज जेवणाच्या सुट्टीत सहा-सात माणसं डबे उघडून बसायची.

रविवारी वसंतराव हे सांगत होते तेव्हा आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. मीसुद्धा. शिकवायला लागल्यापासून मी गोइंग टू किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, पण त्याच्या खाली माणसं जेवायला बसलेली असतात हे मला त्या दिवशी कळलं.

"मग साहेब काय म्हणाले?" दयालभाईंनी विचारलं.

"साहेबांनी शाबासकी दिली. पण आता वैतागलेत. सगळ्या खात्यातले लोक रजिस्टरमध्ये गोइंग टू लिहायला लागलेत. पंखा इज गोइंग टू फॉल, नळ इज गोइंग टू ब्रेक. साहेबांना प्रत्येक ठिकाणी जाऊन बघून यावं लागतं."

पुढच्या महिन्यात वसंतराव सुपरवायझर झाले. त्यांच्या पत्नी पेढे घेऊन माझ्या घरी आल्या. पेढे दिले आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक विचारू? आय विलचा अर्थ काय हो?"

"मी करेन."

"असं होय. घरी सिलिंडर आणायला सांगितलं की हे रोज आय विल म्हणतात. मला वाटलं, नाही म्हणतात."

* * *

चामटोलीची सुनंदा शेतकऱ्याची मुलगी, गावातली पहिली ग्रॅज्युएट. तिला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली, पत्र शुक्रवारी आलं, आणि नेमकं शनिवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा बी.कॉम., बँकेत. इंग्रजीत प्रश्न विचारतो अशी त्याची ख्याती. म्हणून सुनंदाच्या वडिलांनी मला निरोप पाठवला, "बाई, तुम्ही बाजूला बसा. पोरीला धीर राहील."

मी गेले. पोहे झाले, चहा झाला. मुलाने टाय सारखा केला आणि विचारलं, "विल यू वर्क आफ्टर मॅरेज?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलंही नाही.

"आय ॲम जॉइनिंग ऑन मंडे."

विल नाही, गोइंग टू नाही. सगळं ठरलंय, तारीख पक्की आहे, तेव्हाच जे रूप वापरायचं ते तिने वापरलं होतं. क्लासमध्ये हेच रूप तिला महिनाभर जमत नव्हतं.

मुलगा गडबडला. "मंडे? बट... मॅरेज इज नॉट फिक्स्ड."

"येस," सुनंदा म्हणाली. "मंडे इज फिक्स्ड."

मुलाने कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायला. त्याची आत्या मात्र खुदकन हसली. सुनंदाचे वडील माझ्याकडे वाकले. "काय बोलली वो ती?"

"सोमवारपासून कामाला जातेय म्हणाली."

"ता तं मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "मंग ह्यो गप का बसला?"

सहा महिन्यांनी त्याच मुलाशी तिचं लग्न झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता. जाताना विचारून गेला की रविवारच्या क्लासला नवीन माणसं घेता का.

* * *

आणि मग मंगलताई. या बेलवलीच्या. बदलापूरच्या एका दवाखान्यात आयाचं काम करायच्या. पेशंटच्या कागदावरचं इंग्रजी वाचता यावं म्हणून क्लासला आल्या. त्यांचा नवरा नऊ वर्षांपूर्वी आखातात नोकरीला गेला होता. दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली. कोणी म्हणायचं तो तिकडेच राहिला, कोणी आणखी काही. मंगलताईंनी दोन मुली एकटीने वाढवल्या आणि त्या विषयावर कोणाशी बोलल्या नाहीत.

एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर तार ठेवली. तारेत तीनच शब्द होते. कमिंग संडे मॉर्निंग. खाली नवऱ्याचं नाव.

सगळा क्लास तारेभोवती गोळा झाला.

"आयएनजी आहे," वसंतराव म्हणाले. "म्हणजे पक्कं ठरलंय."

"पण ॲम कुठे आहे?" दयालभाई म्हणाले. "ॲम नाही तर काय पक्कं?"

"तारेत ॲम लिहीत नाहीत."

"नऊ साल के बाद तरी लिहायला पाहिजे होता."

मंगलताई शांत होत्या. त्यांनी मला विचारलं, "बाई, तो येईल तेव्हा मी क्लासमध्ये बसलेली असेन, हे इंग्रजीत कसं सांगायचं?"

मी म्हटलं, "आय विल बी सिटिंग इन क्लास. पण ताई, तुम्ही पुढच्या रविवारी सुट्टी घ्या ना."

"कशाला?"

त्यांनी ते वाक्य एका कागदावर लिहून घेतलं, खाली इथला पत्ता घातला. शनिवारी तो कागद धाकट्या मुलीकडे दिला. बाबा आले की चहा दे आणि हा दाखव, एवढंच सांगितलं.

रविवारी मंगलताई पावणेआठला हजर. नेहमीची साडी, नेहमीची जागा. मी फ्युचर परफेक्ट शिकवायला घेतला. अमुक वेळेपर्यंत अमुक काम होऊन गेलेलं असेल, ते सांगायचं रूप. कोणाचंच लक्ष नव्हतं. माझंही.

सव्वानऊला बाहेर रिक्षा थांबली. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरे झालेले केस, हातात मोठी सूटकेस, दुसऱ्या हातात तो कागद.

"मंगल," तो म्हणाला.

मंगलताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग उत्तर द्यायला उभं राहतात तशा उभ्या राहिल्या.

"वेट आउटसाइड," त्या म्हणाल्या. "वी विल हॅव फिनिश्ड बाय टेन."

एकही चूक नव्हती. त्या खाली बसल्या आणि पान उलटलं. तो माणूस बाहेर गेला आणि आमच्या चपलांच्या शेजारी सूटकेसवर बसून राहिला.

दहा वाजले. मी पुस्तक मिटलं. कोणी जागचं हललं नाही.

मंगलताई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "बाई, फ्युचर परफेक्ट मला अजून नीट कळला नाही. परत पहिल्यापासून शिकवा."

दयालभाई उठले, फळा स्वच्छ पुसला आणि खडू माझ्या हातात दिला.