आईनं पाळलेलं वाक्य

देशानं काय खावं हे ठरवणाऱ्या कचेरीत ती वीस वर्षं नोकरीला होती. सगळे तिला 'वाटीबाई' म्हणत, कारण पाहणीला निघाली की पिशवीत मापाच्या वाट्या खुळखुळायच्या. घरोघरी जाऊन काल काय खाल्लंत, किती वाट्या खाल्ल्यात, ते विचारायचं. त्याची गोळाबेरीज तज्ज्ञांच्या समितीपुढे जायची, समिती एकेका शब्दाचा कीस पाडायची, मग मसुदा, लोकांच्या हरकती आणि पुन्हा कीस. अशी दहाएक वर्षांनी एक पुस्तिका निघायची, तोवर पुढचीचं काम सुरू झालेलं असायचं.

यंदा म्हाताऱ्या माणसांचं पान बदलायचं होतं. वाटीबाईचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. पलीकडच्या गल्लीत एकटी राहणारी तिची आई वर्षभरात निम्मी झाली होती. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांना काही सापडेना. "नीट जेवतेस ना?" म्हटलं की आईचं ठरलेलं उत्तर, "जेवते गं बाई पोटभर."

नवे प्रश्न आधी चार म्हाताऱ्यांना विचारून बघायचे ठरले; वाटीबाईची आई त्यांतलीच एक. त्यात घरच्यांनी घरच्यांना विचारायचं नाही, कारण आपल्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. म्हणून आईसमोर कचेरीतली मैत्रीण बसली आणि वाटीबाई स्वयंपाकघरात दाराआड उभी राहिली.

"मावशी, काल रात्री काय खाल्लंत?"

"काही नाही."

"बरं नव्हतं का?"

"छे! रात्रीचं सोडलंय मी. पुस्तिकेतच आहे, उतारवयात रात्रीचं जेवण कमी करावं. आधी कमी केलं, मग म्हटलं अर्धवट कशाला, गेल्या वर्षी सोडूनच दिलं. आमच्या हिनंच लिहिलंय ते. पोरीनं सगळ्या देशाला सांगायचं आणि आईनंच ऐकायचं नाही, बरं दिसतं का?"

"भूक नाही लागत?"

"लागते की. पाणी पिते नि झोपते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ते वाक्य खरंच तिचं होतं. त्या वेळच्या पाहणीत सगळी चाळिशीतली, पोट सुटलेली माणसं होती. म्हाताऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं, त्यांचं पान अंदाजानं भरलं होतं.

ती बाहेर आली. "आई, ते वाक्य काढतोय आम्ही. रात्रीचं नीट जेवायचं."

आईनं चष्मा सारखा केला. "छापून आलं?"

"अजून नाही. दीड-दोन वर्षं जातील. समिती बसेल, हरकती येतील..."

"मग येऊ दे छापून, बघू."

मैत्रिणीला हसू आवरेना. वाटीबाईला हसावं की रडावं कळेना. पुस्तिका इतकी तंतोतंत पाळणारं माणूस तिला आजवर एकाही घरात भेटलं नव्हतं. तिनं आईचा हात हातात घेतला. मनगटाचं नुसतं हाड लागलं.

"छापायचं राहू दे गं. लिहिणारीच सांगतेय ना. चुकलं माझं."

आई मैत्रिणीकडे चोरून बघत लेकीच्या कानाशी वाकली.

"मग झोपताना कपभर दूध, साखर घालून, चालेल का गं?"