हेळव्याच्या वहीतलं पान

काल पाबळला सासरच्या ओट्यावर हेळव्यानं वह्यांचं गाठोडं सोडलं आणि जुन्या कागदाच्या, तंबाखूच्या त्या वासानं मला थेट कासुर्डीला, माहेरच्या ओसरीत नेऊन उभं केलं. लग्नाआधी तिथं मी अठराव्या शतकातल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका इंग्रज कवीवर प्रबंध लिहीत होते. ‘कवीचं घराणं’ हे प्रकरण दुसऱ्या दिवशी सरांना द्यायचं होतं आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. कवीचा बाप मेंढरं राखायचा, आमच्या पणजोबांसारखाच. कवीला पाच बहिणी होत्या. धाकटी नऊ दिवसांत गेली, तरी चर्चच्या वहीत तिचं नाव होतं. ती पाच नावं घोकत मी येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा आमचा हेळवी मोटरसायकलवरून आला. वडिलांनी त्याच्याकडून पणजोबांपासून सगळं वाचून घेतलं आणि स्वतःच्या नावापुढं नवी नोंद सांगितली, “पोरगा एक.” मी जागच्या जागी थांबले. “आन् मी?” हेळवी समजुतीनं म्हणाला, “ताई, लेकींची नावं हितं लिवत न्हाईत. तुमचं सासरच्या वहीत येतंय की.” वडिलांनी नजर चुकवून चहा मागितला. चहा मीच केला, कपबशा जरा जास्तच आपटल्या. सासरी मागच्या खेपेला हेळवी आला तेव्हा मी कॉलेजात शिकवायला गेले होते. म्हणून काल तो बसायच्या आत म्हटलं, “मामा, माझं नाव दाखवा.” त्यानं पान काढून पुढं केलं. नवऱ्याच्या नावापुढं लिहिलं होतं: बायको एक, माहेर कासुर्डी.