जाधवकाकूंचा सोफा आणि आमच्या अशूचं कॉलेज

स्वतःच्या पोरीचं कॉलेज स्वतःच्याच तोंडानं कसं घालवत आणावं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडं यावं. फी घेणार नाही. चहा मात्र तुम्ही पाजायचा.

आम्ही राहतो हर्सूलला. हर्सूल म्हटलं की नवा माणूस पहिलं विचारतो, "आत की बाहेर?" कारण जेल तिथंच. तर आम्ही बाहेर. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर.

आमची अशू, म्हणजे अश्विनी, एकुलती एक. सातवीपासून तिच्या डोक्यात आर्किटेक्ट व्हायचं खूळ. आमच्या घराचे तिनं इतके नकाशे काढलेत की प्रत्येक नकाशात मला एक वेगळी खोली मिळालीय! तर यंदा पुण्यातल्या एका कॉलेजात तिचा पहिल्याच यादीत नंबर लागला. तेच कॉलेज, जे तिनं दोन वर्षांपूर्वी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. मग फीचा कागद आला. तो मी तीनदा वाचला, एखादं शून्य चुकून पडलंय का ते बघायला.

सरकारी सवलतीसाठी तहसीलला गेलो, तर माझा पगार मर्यादेच्या जरासा वर निघाला. घ्या! सरकारच्या लेखी मी श्रीमंत! बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, "तारण काय देता?" फुलंब्रीला आमचं वडिलोपार्जित रान आहे, नाही असं नाही. पण भावाभावांत वाटून माझ्या वाट्याला जो तुकडा आला, त्यात दोन म्हशी बांधल्या तर तिसरी भावाच्या रानात उभी राहते. साहेबांनी सातबारा बघितला आणि हळूच माझ्याकडं सरकवला.

"काहीतरी दाखवायला पाहिजे हो, काळेसाहेब," म्हणाले.

हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला बघा.

शेवटचा मार्ग म्हणजे कॉलेजशी जोडलेला एक ट्रस्ट. सरकारी मर्यादेत न बसणाऱ्या पोरांना ते मदत करतात. अशूनं अर्ज भरला. उत्तर आलं, "रविवारी सकाळी दहाला तुमच्याच शहरात राहणाऱ्या आमच्या मॅडम घर बघायला येतील."

घर बघायला! आता मला सांगा, आपल्याकडं लोक घर बघायला कधी येतात? सोयरीक जुळवायची असते तेव्हा. आणि आमच्या गल्लीत कुणाकडं सोयरिकीचे पाहुणे यायचे म्हटलं की समोरच्या जाधवकाकूंचा सोफा बाहेर निघतो. मरून रंगाचा, सोनेरी काठाचा. त्या सोफ्यानं आजवर अकरा लग्नं जमवलीत. माझं स्वतःचं त्यातलंच एक.

मी म्हटलं, सोफा आणायचा.

"पप्पा, त्या गरज बघायला येणारेत," अशू म्हणाली.

"तुला नाय कळत, बेटा. ज्याच्याकडं काहीच नाय, त्याला बँकसुद्धा दारात उभं करत नाय. घर भरलेलं दिसलं की समोरच्याला भरवसा वाटतो."

"अहो, पोरीचं ऐका की जरा," बायको म्हणाली.

"तू पोह्यांचं बघ," मी म्हणालो. काय हा रुबाब!

शेजारचे शेखभाई, त्यांचं औरंगपुऱ्यात चपलांचं दुकान. त्यांच्याकडं पांढरी गाडी आहे. ती जरा आमच्या ओट्यापुढं लावता का, म्हणून विचारलं. "अरे काळेसाब, इसमें पूछना क्या! आपलीच गाडी समजो." शेखभाभींनी चकचकीत ग्लास दिले. प्लेटा काकूंच्या. मोठा ट्रे गल्लीच्या गणेश मंडळाचा. काकूंनी सोफा दिला, पण बजावून दिला, "अकराला परत पायजे बरं का! आज माझ्या पुतणीला बघायला येणारेत."

दहाच्या मॅडम अकराला वीस मिनिटं कमी असताना आल्या. साध्या सुती साडीत, खांद्याला पिशवी, भर उन्हात पायी. रिटायर शाळाबाई वाटत होत्या. आणि मी इस्त्रीच्या शर्टात, सोनेरी काठाच्या सोफ्याशेजारी उभा. त्या सोफ्यावर टेकल्या, बायकोनं पोहे-पाणी पुढं ठेवलं, आणि त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला.

"गाडी कुणाची?"

"आपलीच."

"आणि हा सोफा?"

"आपलाच की!"

"शेती आहे का?"

"फुलंब्रीला. उभं राहिलं तर नजर पुरत नाय." भावाच्या रानाकडं तोंड करून उभं राहिलं तर खरंच पुरत नाही. खोटं कुठं बोललो?

मॅडम भराभर लिहीत होत्या. त्या जितकं लिहीत होत्या तितका मी फुगत होतो. अशू दारात उभी राहून मानेनं नको नको म्हणत होती, आणि मला वाटत होतं पोरगी लाजतेय!

इतक्यात शेखभाई आले आणि ओट्याखालूनच गाडीचं दार उघडून म्हणाले, "काळेसाब, गाडी निकालतूं. सासूमाँ कू लेने स्टेशन जाना है."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आता इथं तरी गप्प बसावं की नाही?

"आमचा ड्रायव्हर," मी म्हणालो.

शेखभाई पाय आत घालता घालता थांबले. "ड्रायवर? मेरी गाडी, मेरा पेट्रोल, और मैंच ड्रायवर?" पण माझं तोंड बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. गाडी काढून गेले बिचारे.

मॅडमनी पेन बंद केलं. "काळे, गाडी आहे, शेती आहे, ड्रायव्हर आहे. मग तुम्हाला मदत कशाला हवी? माझ्याकडं अजून सात घरं बघायची आहेत. मुलीचं नाव मला कमी करावं लागेल."

अशूनं वही छातीशी घट्ट धरली होती, तीच, पुठ्ठ्यावर कॉलेजचं नाव लिहिलेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त माझ्याकडं बघत होती, आणि ते मला सहन होईना.

"मॅडम, यातलं काहीच माझं नाय," मी म्हणालो. "गाडी शेखभाईंची, ते माझे शेजारी. सोफा समोरच्या काकूंचा. रान दीड वीत. बँकेनं हाकललं, म्हणून वाटलं की..."

मॅडमचा चेहरा आणखी कडक झाला. "मी अशी पुष्कळ घरं बघितलीत. मी येणार म्हटलं की लोक फ्रिज शेजारी ठेवून येतात, टीव्हीवर गोधडी टाकतात. मघाशी तुमचं सगळं होतं, नाव कमी करते म्हटल्यावर एकदम काहीच नाही. मी खरं काय मानू?"

घ्या! खोटं बोललो तेव्हा लगेच पटलं, आणि खरं बोललो तर पुरावा द्या!

तेवढ्यात जाधवकाकू आणि काका दारात. "बाई, जरा उठता का?" काकू मॅडमना म्हणाल्या. "पाहुणे कोपऱ्यावर आलेत. सोफा लागतोय."

मॅडम पोह्यांची प्लेट हातात धरून उठल्या. काका एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. ज्या सोफ्यानं माझं लग्न जमवलं, तो मी माझ्या हातानं मॅडमच्या पुढून उचलून नेला. परत येऊन बघतो तर अशू मॅडमच्या जवळ उभी.

"मॅडम, तुमच्या प्लेटचा काठ वाचा," ती म्हणाली.

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं स्टीलच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय बायका ते दुकानातून हलवत नाहीत. मॅडमनी चष्मा वर केला. प्लेटवर 'सौ. जाधव'. ग्लास उचलला, त्यावर 'शेख'. ट्रेवर तर गणपतीसकट गणेश मंडळ! चमच्यावर काहीच नव्हतं. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"जावेचा आहे," बायको म्हणाली. "तिच्याकडं नाव नाय घालत."

मॅडमच्या हातातली प्लेट हलायला लागली. मला वाटलं रागानं. पण बाई हसत होत्या हो!

"मग काळे, यात तुमचं काय?"

"पोहे, मॅडम."

मॅडम सरळ चटईवर बसल्या. पोहे संपवले, वर आणखी मागून घेतले. अशूची नकाशांची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, आणि प्रत्येक नकाशात बापाला वेगळी खोली का, ते विचारलं. अशू म्हणाली, "ते फार बोलतात." मॅडमनी ते फॉर्मवर लिहिलं की नाही, मला अजून माहीत नाही.

महिन्याच्या आत पत्र आलं. फी ट्रस्ट भरणार, राहण्याजेवणाचं माझं. मी ओव्हरटाइम घेतलाय. अशू पुण्याला गेली. शेखभाईंनीच गाडीतून सोडलं आणि वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलं, "मैं इनका ड्रायवर."

पण किस्सा इथं संपत नाही. पत्र आलं त्याच संध्याकाळी पेढ्यांचा डबा घेऊन मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी डबा हातात घेतला, आणि उघडायच्या आधी वर उचलून बुडाशी बघितलं. मीही वाकून बघितलं. 'सौ. जाधव'.

"काळे," मॅडम म्हणाल्या, "आतले पेढे तरी तुमचे ना?"

आता काय सांगू त्यांना? ट्रस्टचं पत्र आलं म्हणून पेढे शेखभाईंनी आणले होते.