तिनं माझ्या कानात सांगितलं ते

गावात मला रेडिओ म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. चामोर्शीच्या बाजारात आई मासे विकायला बसली की मी शेजारी बसून मरळ किती ताजी आहे, झिंगे कुठल्या तलावातले आहेत, हे अशा थाटात सांगायचे की पुढे निघालेलं गिऱ्हाईक मागे वळायचं. आईच्या पाठीआड माझी धाकटी बहीण बसलेली असायची. तिला काही म्हणायचं असलं की ती माझ्या कानाला तोंड लावायची आणि तिचं म्हणणं मी मोठ्यानं सांगायचे.

ती जन्मली तीच फाटक्या टाळूची. पाजलेलं दूध नाकातून यायचं. तीन वर्षांची असताना बाबांनी तिला नागपूरला नेऊन टाळू शिवून आणली. खाणंपिणं सुधारलं, बोलणं काही सुधारलं नाही. शब्द तोंडात तयार व्हायच्या आत हवा नाकातून निघून जायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती मला बाई म्हणायला जायची आणि ते ‘माई’ व्हायचं. आईबाबांना तिचं निम्मं कळायचं, मला सगळं. मोठ्यानं बोललं की पोरं नाक दाबून तिची नक्कल करायची, म्हणून तिनं कानात बोलायची सवय लावून घेतली होती. दोघींचं बोलणं एकटीनं बोलून माझी जीभ सैल झाली. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळू लागली. ती तिच्या जिवावर मिळत होती, हे कळायची अक्कल तेव्हा मला नव्हती.

मी नववीत होते, ती चौथीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डिसेंबरात तालुक्याला शिबिर लागलं, नागपूरचे डॉक्टर आले. आई धानाच्या कापणीला गेली होती, म्हणून बाबा आम्हा दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी बहिणीच्या नाकाखाली लहानसा आरसा धरला आणि ‘पा पा पा’ म्हणायला लावलं. आरसा धुरकट झाला. बोलायची हवा नाकात पळते ती अशी, ते म्हणाले. टाळू शिवली आहे, पण आखूड पडते, घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. त्या भिंतीची एक पट्टी सोडवून टाळूला जोडली की हवेला नाकाकडे मोकळी वाट राहणार नाही. पण नुसत्या ऑपरेशननं बोलणं येत नाही, ते नंतर शिकावं लागतं. जानेवारीत या आणि महिनाभर राहायच्या तयारीनं या. सोबत जिला हिचं बोलणं कळतं अशी कुणीतरी हवी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

जानेवारीत गडचिरोलीला माझी जिल्ह्याची स्पर्धा होती. भाषण पाठ झालं होतं, हातवारे ठरले होते, मैत्रिणीची निळी रिबन मागून ठेवली होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते.

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी बहिणीला धरून ठेवायचं काम बाबांना करावं लागलं होतं आणि तिचं ते रडणं ते विसरले नव्हते. ते डॉक्टरांना म्हणाले, या खेपेला पोरीलेच विचारा, ती हो म्हणन तं करू. डॉक्टर खाली वाकले आणि त्यांनी तिला विचारलं. नेहमीप्रमाणे ती माझ्या कानाशी आली.

“तू सोबत राहशीन तं करू.”

मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, “नको म्हणते. भेव लागते म्हणते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती बहिरी नव्हती. मी काय बोलले ते तिनं ऐकलं होतं. तिला मान हलवता आली असती, बाबांचा सदरा ओढता आला असता. मी आत धास्तावून तिच्या मानेकडेच बघत होते. तिनं मान खाली घातली आणि आपल्या पायांकडे बघत राहिली. मला हायसं वाटलं. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

डॉक्टरांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. तयारी झाली की पोस्टकार्ड टाका, पण फार थांबू नका, वय वाढलं की चुकीच्या बोलण्याची सवय पक्की होते, असं बजावलं. घरात लिहिणारी मीच, म्हणून बाबांनी कागद माझ्याकडे दिला. तो मी भाषणाच्या वहीत ठेवला.

जिल्ह्याला माझा दुसरा नंबर आला. विषय होता मुलींचं शिक्षण. बक्षीस म्हणून स्टीलची थाळी मिळाली. बहिणीला ती फार आवडली. आई तिला त्या थाळीतच भात वाढायची आणि ती काठावरचं माझं नाव पुसून पुसून लखलखीत ठेवायची.

स्पर्धा झाल्यावर तरी मी लिहायला हवं होतं. पण आता ती तयार झाली असं बाबांना सांगितलं आणि ते तिला विचारायला गेले तर? तिनं सगळंच सांगून टाकलं तर? या भीतीनं महिने गेले. पुढल्या वर्षी ते शिबिर आलं नाही. मग माझी दहावी आली, मग गडचिरोलीचं होस्टेल. नंतर नंतर मी ते साफ विसरले, आणि आज खोटं बोलण्यापेक्षा हे विसरणं मला जास्त टोचतं.

ती सहावीत गेली तेव्हा तिच्यासाठी बोलायला मी शाळेत नव्हते. मोठ्यानं धडा वाचायची पाळी आली, ती वाचायला उभी राहिली आणि सगळा वर्ग नाकातून तिच्यामागे म्हणू लागला. ती घरी आली, दप्तर खुंटीला टांगलं आणि पुन्हा काढलं नाही. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोरांना आणि मास्तरांना यथेच्छ शिव्या दिल्या. तोंड वर करून बोलायची सवय होतीच.

बारावीत असताना दिवाळीला घरी आले, तर बाबांनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड दिलं. काय लिहिलं हाये पाय, म्हणाले. कार्ड नागपूरहून आलं होतं आणि त्यावर नाव बहिणीचं होतं. ‘तुझं पत्र मिळालं. उशीर झाला आहे, तरी ये.’ मी जाऊन जुनी वही उघडली. पत्त्याचा कागद जागेवर नव्हता. बहीण अंगणात मासे साफ करत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

या खेपेला सोबत मी गेले. बाबाही पोचवायला आले. तिथले डॉक्टर नवे होते. एवढी वर्षं का थांबलात, असं त्यांनी विचारलं. बाबा भोळेपणानं म्हणाले, लहानपनी भेली होती ना. माझं खोटं इतकी वर्षं घरात खरं म्हणून नांदत होतं. बहीण माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

ऑपरेशननंतर काही दिवस तिला पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं, झोपेत मोठमोठ्यानं घोरायची. घशातली जखम भरून आल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे धडे सुरू झाले. पुन्हा आरसा, पुन्हा पा पा पा. आता आरशावर कडेला थोडाच ओलावा धरायचा. सगळं सुटणार नाही, बाईंनी स्पष्टच सांगितलं; नवव्या-दहाव्या वर्षी आली असती तर पुष्कळ फरक पडला असता. मी मान डोलावली. दुसऱ्या कुणाची चूक ऐकावी तशी मी ती ऐकून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात बाई तिला म्हणाल्या, आज पुस्तकातलं नको, तुझ्या मनातलं एक वाक्य म्हण, भ असलेलं. तिनं थोडा विचार केला. ती माझ्या कानाकडे वळली नाही.

“मी भेली नव्हती.”

भ अगदी स्वच्छ आला होता. बाई खूश झाल्या. त्यांनी ते वाक्य तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आणि मला सांगितलं की घरी गेल्यावर हेच रोज वीस वेळा म्हणवून घ्यायचं, मोजून. मी हो म्हटलं.

घरी रोज सकाळी आम्ही दारापुढच्या छपरीत बसायचो. ती म्हणायची, मी मोजायचे. चौथ्या दिवशी बाबा जवळच जाळं सांधत बसले होते. त्यांची सुई थांबली. काय म्हणून राह्यली, त्यांनी सवयीनं मलाच विचारलं. मी बोटांवर मोजत राहिले. तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, आणि बाबांना ते माझ्याशिवाय कळलं. ते तिच्याकडे वळले.

“मंग तवा नको काऊन म्हनलं, बेटा?”

ती आधी माझ्याकडे बघून थांबली. बोलायची पाळी माझी होती आणि ती तिनं मला देऊ केली होती. जिल्ह्यासमोर न अडखळता बोललेल्या माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तीच म्हणाली, रागानं नाही, सरळ कारण सांगावं तसं.

“बाईचं भाषण होतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुई उचलली आणि जाळं पुढे सांधायला घेतलं. त्या दिवशी तिचं अजून अकरा वेळा म्हणायचं राहिलं होतं. तिनं ते म्हटलं, आणि मी मोजलं.